नवी काढा, जुनी घाला

मला एक सांगा, कॉम्प्युटर घेताना माणसानं विश्वास कोणावर ठेवायचा? कंपनीवर, दुकानदारावर, की पुण्याच्या जावयावर? आमच्या रत्नागिरीत याचं उत्तर ठरलेलं आहे. दुकानदाराचा नंबर शेवटचा. मी स्वतः दुकानदार आहे, म्हणून खात्रीनं सांगतो.

मिक्सर आणि इस्त्र्या विकता विकता मी कॉम्प्युटरकडे वळलो. शिकवायला कोणी नव्हतं. उघडायचं, बघायचं, आणि जमलं तर पुन्हा बंद करायचं. या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते तसे ते काउंटरवर आपोआप चढतात. सगळ्यात जास्त चढले ते नव्या मशीनमध्ये एक्सपीच्या जागी व्हिस्टा ही नवी विंडोज यायला लागली तेव्हा. दिसायला झकपक, चालायला घाटात गरम झालेली एसटी. गिऱ्हाईक आठवड्यात मशीन उचलून परत आणायचं, "शेट, ही नवी काढा, आपली जुनी एक्सपी घाला."

घालून द्यायचो. आणि दुसऱ्या दिवशी बाजारात बोलणं सुरू, "त्यानं नवीन काढून घेतली हो, आणि जुनी माथी मारली." समोरच त्या सुमाराला काचेच्या दाराचं, एसीचं नवं दुकान झालं होतं. माझ्याकडे ना काच, ना एसी. होतं ते फक्त नाव, आणि प्रत्येक मशीनमागे ते थोडं थोडं जात होतं.

*

पहिले आले अण्णा. कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. व्हिस्टाला एक खोड होती, जरा काही करायला गेलं की स्क्रीन काळवंडायचा आणि ती परवानगी मागायची. अण्णांना सुरुवातीला हे फार आवडलं. "शिस्त आहे," म्हणाले. "विचारल्याशिवाय काही करत नाही."

महिन्यानं मशीन रिक्षात घालून हजर. "काढा ही."

"का अण्णा? शिस्त होती ना?"

"अहो, मी सांगतो तेच करायला ती मलाच विचारते. उभी हयात साहेबांनी मला असं छळलं, आता घरात पैसे देऊन साहेब ठेवू?"

काकूही बरोबर आल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "राहू दे की. आपल्या घरात निदान कोणीतरी कोणालातरी विचारतंय."

अण्णांनी एक्सपी घालून घेतली. काकू अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

*

मग नाना. पावसकडचे बागायतदार. आंब्याच्या पेट्यांवर लावायची लेबलं ते जुन्या खडखड्या प्रिंटरवर छापायचे, आणि नवी विंडोज त्या प्रिंटरला ओळखच दाखवेना. आंबा तयार, पेट्या तयार, आणि लेबल नाही. मी दोन तासांत एक्सपी घालून प्रिंटर सुरू करून दिला. नाना खूश झाले, उठले, दारापर्यंत गेले आणि मागे वळले.

"काढलीत ती कुठे आहे?"

"कोण?"

"नवी विंडोज. तिचे पैसे मोजलेत मी."

"नाना, ती पुसली. तशीच काढतात."

"पुसली? माझ्या स्कूटरची क्लचप्लेट बदलली तर मेकॅनिक झिजलेली प्लेटसुद्धा कागदात गुंडाळून हातात देतो. तुम्ही नवीकोरी वस्तू काढता, आणि पुसता?"

दुकानात आणखी चार गिऱ्हाइकं. सगळे माझ्याकडे बघतायत. मी मुकाट्यानं खोक्यातून मशीनबरोबर आलेली सीडी काढली आणि म्हटलं, "ही घ्या. सबंध आहे हिच्यात."

नानांनी सीडी तळहातावर तोलली. "एवढीशी? मग मशीन एवढं जड कशानं झालं होतं?"

ती सीडी त्यांनी परसात पपईला टांगली, माकडं येऊ नयेत म्हणून. ऊन पडलं की चमकायची. पण आल्यागेल्याला दाखवून नाना सांगायचे, "आमची नवी विंडोज ती. शेट ठेवून घेत होता, मी मागून घेतली."

*

तिसरे कॉलेजचे एक सर. त्यांचा जावई पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. त्यानं फोनवरून बजावलेलं, "बाबा, घ्याल तर व्हिस्टाच घ्या. एक्सपी म्हणजे अडाणीपणा." सरांनी घेतली. पेपर टाइप करायला बसले की चहा होऊन निवायचा, तरी पान उघडलेलं नसायचं. पण काढायची कशी? गणपतीला जावई येणार.

सर माझ्या कानाशी लागले, "आतून जुनी आणि बाहेरून नवी, असं काही होतं का हो?"

"होतं की. आपल्याकडे घरं रंगवतात ती कशाला?"

मी आत एक्सपी घातली आणि वरून व्हिस्टासारखी दिसणारी सजावट चढवली. तेच चित्र, तेच गोल बटण. गणपतीत जावई मशीनसमोर बसला. सर मोदकाचं ताट हातात धरून मागे उभे, मोदक खाली ठेवायचंही भान नाही. जावयानं पाचसहा ठिकाणी क्लिक केलं आणि खुर्ची वळवून म्हणाला, "बघितलंत बाबा? नवीनचा स्पीडच वेगळा. ते एक्सपीवाले बसलेत अजून रडत."

*

आता शेवटचं, आणि याच्यात माझं नाव खरोखरच पणाला लागलं.

संगमेश्वराकडच्या एका गावात देवस्थानाला कॉम्प्युटर दिला तो गावच्या मुंबई मंडळानं. मशीन माझ्याच दुकानातलं, आत व्हिस्टा. पण पावत्यांचा मराठी फॉन्ट तिच्यात चालेना, म्हणून गावकऱ्यांनी मला बोलावून एक्सपी घालून घेतली. शिमग्याला मुंबईकर आले, मलाही बोलावणं होतं. मंडळाच्या अध्यक्षांनी स्क्रीन बघितला आणि भर देवळात मला विचारलं, "आम्ही नवीन दिली होती. शेट, ती कुठे गेली?"

समोर पंचक्रोशीतली माणसं. तिथे जे बोललं जाईल ते संध्याकाळच्या आत चार बाजारांत पोचणार. मी म्हटलं, "साहेब, आत्ता परत घालतो."

तेवढ्यात गावकरी उठले. "आणि पावत्या कोण छापणार? तुमचं मंडळ येणार काय मुंबईवरून?"

आवाज चढले. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "भांडताय कशाला? कौल लावा."

ते सगळ्यांना पटलं. गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली कळी चिकटवली. जी पडेल तो देवीचा शब्द. त्यानं गाऱ्हाणं घातलं, "आई, तुझ्या लेकरांनी मुंबईवरनं यंत्र आणलंनी. त्यात नवीन ठेवायचं असंल तर उजवी दे, जुनं ठेवायचं असंल तर डावी दे."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

बराच वेळ काही हलेना. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. मागून कोणीतरी पुटपुटलं, "हँग झालं वाटतं." आणि दोन्ही कळ्या एकदम पडल्या.

गुरव मान वर न करता म्हणाला, "दोन्ही घाला म्हणते."

"असं कुठे असतं?" अध्यक्ष म्हणाले. "एका मशीनमध्ये दोन?"

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे.

"असतं," मी म्हटलं. "चालू करताना मशीनच विचारतं, कोणती पाहिजे."

त्याच दुपारी मी दोन्ही घालून दिल्या. मुंबईकर आले की नवी लावतात आणि वाट बघत बसतात. ते गेले की गावकरी जुनी लावतात आणि पावत्या छापतात. बाजारात बोलणं फिरलं, "शेटनं काढून कायच घेतलं नाय, उलट एक जास्ती घातली." समोरच्या काचेच्या दुकानातली दोन गिऱ्हाइकंसुद्धा त्या आठवड्यात रस्ता ओलांडून आली.

यात शहाणा कोण ठरला याचा हिशेब तुम्ही मनात मांडत असाल. मांडा, फक्त प्रामाणिकपणे मांडा, आणि एवढं ऐकून मग बेरीज करा. पुढच्या सोमवारी तो गुरव दुकानात आला. खुर्चीवर टेकला, चहा घेतला, दुकानात दुसरं कोणी नाही असं बघितलं आणि हळूच म्हणाला,

"शेट, वाडीवाल्यांची आता तिसरी पार्टी झालीय. पुढच्या कौलाआधी इचारून ठेवतो. त्या मशीनीत तीन बसतील काय?"