केनवडच्या कडब्यातली बुरशी

कामरगावची पंचफुला इंगोले बी.एस्सी. होऊन १९७६ साली नागपूरच्या एका मेडिकल कॉलेजात संशोधन शिकायला गेली, तेव्हा घरच्यांना एवढंच कळलं की पोरगी दवाखान्यात लागली. काम कसलं, हे सांगायची तिलाच हिंमत झाली नाही.

रक्ताच्या कॅन्सरची औषधं घेणाऱ्या रोग्यांच्या अंगात झुंजायची ताकद उरत नाही. आपल्याला जे काहीच करत नाही, ते त्यांचा जीव घेतं. ते नेमकं काय, हे शोधायला गावंडे सर नव्या मुलामुलींना शिकवत होते. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "वॉर्डात जाताना एवढं ध्यानात ठेवा. या माणसांना तुमच्यापासूनही धोका आहे."

तेव्हापासून पंचफुला कातडी सोलवटेपर्यंत हात धुवायची. खाटेजवळ गेली की श्वास रोखायची.

तिच्याकडे आला शालिग्राम, केनवडचा विशीतला शेतकरी. ताप हटेना, खोकल्यात रक्त दिसू लागलं. त्याच्या थुंकीचा नमुना तिने काचेच्या बशीत लावला, तर हिरवट बुरशी उगवली. सरांनी बशी उजेडात धरली.

"ही त्याच्या छातीतली, की तुझ्या हातची?"

तिने पुन्हा हात धुऊन दुसऱ्यांदा नमुना घेतला. आपलीच चूक निघू दे, असं ती मनात घोकत होती. बुरशी पुन्हा उगवली, तेव्हा ती बशी घेऊन सरांकडे गेली.

मुंबईहून औषध मागवलं. ते दिलं की शालिग्रामला अशी हुडहुडी भरायची की खाट हलायची. पण तो तगला. घरी सोडण्याआधी सर पंचफुलाला म्हणाले, "ही त्याला कुठे भेटली असेल, ते केनवडला जाऊन बघ."

एसटीतून उतरून ती शालिग्रामच्या घरी पोचली, तर त्याची आई लिलाबाई दारातच आडवी आली.

"खरं सांग बाई, माहा पोरगा गेला काय?"

"नाई मावशी, जित्ता हाये. तो कुठं निजे, तेवढं दाखवा."

खाटेमागे बांबूचा तट्टा होता आणि तट्ट्यापलीकडे कडबा, ओलीने काळा पडलेला. पंचफुलाने पेंडी उचलली आणि हिरवट धूळ भपकन उडाली. पदर तोंडावर दाबून ती मागे सरली. "हेच त्याच्या छातीत गेलं, मावशी." तिला घाबरलेली पाहून लिलाबाईचा चेहरा उतरला.

"आमी तं रोजच काढतो हा कडबा. मंग आमाले काहून काई होत नाई?"

"तुमचं अंग झुंजते, मावशी. त्याचं थकलं हाये. तो इथं निजला तं पुन्हा होईन."

लिलाबाई खाली बसली. "त्याले थंडी लागू नये म्हून मीच खाट इथं टाकली व बाई."

पंचफुला तिच्याजवळ बसून राहिली.

शालिग्रामला जऊळक्याच्या बहिणीकडे, चुना दिलेल्या खोलीत ठेवलं. वर्षभराने रक्ताच्या आजारानेच तो गेला. शेवटच्या तपासणीत बुरशी नव्हती. "तुझं काम बरोबर होतं," सर म्हणाले. पंचफुला व्हरांड्यात गेली आणि तोंड भिंतीकडे करून उभी राहिली.

तिने ते काम सोडलं नाही. पुढे नव्या मुलींना तीच शिकवू लागली. एखादी विचारायची, "ताई, भीती कधी जाते?"

"मले तं अजून वाटते," ती म्हणायची, आणि तिला सोबत घेऊन वॉर्डात शिरायची.