नाक्याच्या पुढे

"चल गं, ओवाळ यांना," असं म्हणून यजमान घराण्यातल्या आक्कासाहेबांनी माझ्या हातात तबक दिलं.

मी सायकलवरून नुकतीच उतरले होते. धार ते मांडू, पस्तीस किलोमीटर, शेवटी घाट. पोटऱ्या थरथरत होत्या. ओठांवर मीठ जमलं होतं. आणि हातात एकदम निरांजन, कुंकू, सुपारी. समोर जाजमावर पहिले तीन पुरुष मांडी घालून बसले होते आणि माना पुसत ओवाळून घ्यायची वाट बघत होते.

"मी पण शर्यतीत होते," मी म्हणाले.

"हो हो, कळलं ना. हौशी आहेस." आक्कासाहेबांनी बोटाने वात सारखी केली. मग सहज विचारल्यासारखं, "आडनाव काय तुझं?"

मी सांगितलं.

त्यांचा चेहरा बदलला नाही. त्या घराण्यात चेहरे बदलत नसत. त्यांनी फक्त तबक परत घेतलं, बोटाला बोट लागणार नाही अशा बेताने.

"राहू दे. दमली असशील."

सकाळपासून माझ्या दमण्याची कोणी चौकशी केली नव्हती. आडनाव कळल्यावर केली.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. मी देवासला अकरावीत होते. आबा नगरकडचे, नोकरीसाठी देवासला आलेले, कारखान्यात फिटर. त्यांची दांड्याची काळी सायकल हे आमच्या घरातलं एकमेव वाहन. दुपारी त्यांचा डबा पोचवायचं काम माझं. आधी दांड्याखालून पाय घालून, मग उंची वाढल्यावर दांड्यावरून. डबा देऊन परत येताना मी देवीच्या टेकडीचा चढ घ्यायचे. रोज. देवीसाठी नाही, चढासाठी.

शाळेतल्या पीटीच्या सरांनी सांगितलं होतं की इंदूरच्या विभागीय सायकलिंग चाचणीला मुलीही घेतात. पण एखाद्या खुल्या शर्यतीतला क्रमांक लिहिलेला दाखला लागतो. धारचं एक मराठी व्यायाम मंडळ अशी शर्यत भरवत होतं. पहिल्या दहांना दाखला. मला तो कागद हवा होता. बाकी काही नको होतं.

मंडळाची पत्रिका मी आधी हसत वाचली. 'कृपाछत्राखाली', 'शुभहस्ते', 'उपस्थितीने उपकृत'. कृपाछत्र होतं दादासाहेबांचं. त्यांच्या आजोबांना दरबारात खुर्ची मिळत असे. संस्थानं जाऊन तीस वर्षं झाली होती, पण त्या खुर्चीवरून अजून कोणी उठलं नव्हतं. पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात होतं: 'महिलांचीही प्रदर्शनीय शर्यत.' प्रदर्शनीय म्हणजे काय, ते धारला गेल्यावर कळलं.

आदल्या संध्याकाळी आबांनी सायकलचे मडगार्ड, कॅरियर, स्टँड सगळं काढलं. वजन कमी व्हावं म्हणून. जुन्या ट्यूबचे पट्टे कापून माझ्या सलवारीच्या पायांना बांधायला दिले. पहाटेच्या बसच्या टपावर सायकल बांधून आम्ही इंदूरमार्गे धारला पोचलो.

शर्यत आठची. दादासाहेबांची पूजा आटोपायला साडेदहा वाजले. तोवर चाळीस सायकलवाले किल्ल्याखाली उन्हात उभे. इंदूरच्या चौघांकडे खाली वळलेल्या हँडलच्या सायकली होत्या, बाकीच्यांच्या दूधवाल्याच्या असाव्यात तशा. पुरुषांच्या पाठीवर आकडे होते. आम्ही मुली तिघी, आमच्या पाठीवर म-१, म-२, म-३. म-१ म्हणजे दादासाहेबांची बेबीताई. तिच्या सायकलला झेंडूच्या माळा होत्या. म-२ तिची मैत्रीण.

झेंडा घेतलेल्या गृहस्थांनी आम्हाला समजावलं, "पोरींनो, तुमची शर्यत जकातीच्या चुंगी नाक्यापर्यंत. तीन किलोमीटर. तिथे फोटो होईल. मग सायकली तिथेच ठेवून जीपमध्ये बसायचं, वर मांडूला फराळ आहे."

मी विचारलं, "आणि दाखला?"

"तुम्हाला कशाला दाखला?" ते हसले. त्यांना खरंच गंमत वाटली होती.

नाक्यावर फोटोवाला तिपाई लावून बसला होता. मी त्याच्यासमोरून गेले आणि थांबले नाही. इतकंच केलं मी. आधी ठरवलंही नव्हतं. पाय चालू होते, ते मी बंद केले नाहीत.

थोड्या वेळाने मागून जीप आली. नाका मागे पडला म्हणून ड्रायव्हर अर्धा बाहेर झुकून ओरडत होता, "ओ बेन! नाको निकल ग्यो! रुक जा!" जीपमधून झेंडेवाले कर्ण्यातून बोलत होते. "म-तीन, खाली उतरा! म-तीन, ही सूचना आहे!" सूचना मांडूपर्यंत चालू होती.

नालछा गावाच्या पुढे मी पुरुषांना गाठायला लागले. "भिया, साइड में हो, छोरी आ री हे!" एकाने दुसऱ्याला सांगितलं. दुसऱ्याने मागे पाहिलं आणि सायकल मुद्दाम माझ्या पुढ्यात आडवी घातली. मी कडेच्या मातीत उतरले, पुन्हा डांबरावर चढले. "घर जा के रोटी बेल!" तो ओरडला. मला उत्तर सुचलं होतं, पण श्वास चढासाठी ठेवला.

घाटात बरेचजण उतरून सायकल ढकलत होते. मी उतरले नाही. यात शौर्य नव्हतं. उतरले असते तर जीपमध्ये घालतील, हे मला माहीत होतं. वर जाताना एकामागून एक जुने दरवाजे लागतात. त्यांतल्या एकाचं नाव एका जातीवरून पडलेलं आहे. मोठमोठे पाहुणे त्या दरवाज्यातून मजेत आत जातात, नाव तोंडभरून घेतात. मांडूला पोचल्यावर त्याच जातीच्या नाहीतर तसल्याच दुसऱ्या जातीच्या मुलीने तबक धरलं की मात्र निरांजन बाटतं.

शेवटच्या रेषेशी टेबल होतं. टेबलाशी एक मास्तर वहीत क्रमांक लिहीत होते. मी पोचले तेव्हा ते मान वर न करता म्हणाले, "नववा. नंबर बोला."

"म-तीन."

त्यांनी वर पाहिलं. तरी लिहिलं. मी वाकून वाचलं: नऊ, म-३, पुढे माझं नाव. निळी शाई. मग ते तबक, ते आडनाव.

तबक बेबीताईच्या हातात गेलं. ती जीपमधून आली होती, तिला घाम नव्हता. तिने तिघांना ओवाळलं. मग दादासाहेबांनी भाषण केलं. घोड्यावर बसलेल्या दोन-तीन राण्यांची नावं घेतली, स्त्रीशक्तीला वंदन केलं. राणी घोड्यावर बसलेली चालते. फिटरची मुलगी सायकलवर चालत नाही. मग महिलांचा चषक जाहीर झाला. बेबीताई. नाक्यावर ती पहिली पोचली होती, आणि मी तर, कागदोपत्री, नाक्यावर पोचलेच नव्हते, कारण मी तिथे थांबले नाही. चषक घेताना बेबीताईने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिला कळत होतं. तेवढ्याने काही होत नाही.

मी टेबलाशी गेले. "मास्तर, माझा दाखला."

त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. नवव्या ओळीवर पट्टी धरून काट मारलेली होती, अगदी सरळ. खाली नऊ नंबरावर दुसरंच नाव. "बाळ, मी नोकरी करतो," ते हळूच म्हणाले. "वरून सांगितलंय."

तेवढ्यात कर्ण्यावर माझं नाव आलं. आडनाव सोडून. देवासच्या या धाडसी कन्येचं विशेष कौतुक म्हणून मंडळातर्फे ब्लाउजपीस आणि नारळ.

दादासाहेब सोफ्यावर बसले होते. तो सोफा सकाळीच ट्रॅक्टरने वर आणला होता. त्यांनी ब्लाउजपीस पुढे केला. आक्कासाहेबांसारखाच, टोकाला धरून.

"मला हे नको," मी म्हणाले. कर्णा चालू होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "मी नववी आले. वहीत होतं. तुम्ही खोडलंत. ते परत लिहा."

मागून आबांचा आवाज आला. "घे गं. घे आणि चल." ते बसने वर आले होते, हात जोडून उभे होते. ज्या हातांनी आदल्या दिवशी माझी सायकल सोलून हलकी केली होती, ते हात. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

"लिहा," मी पुन्हा म्हणाले.

दादासाहेब आक्कासाहेबांकडे वळले. "अशांना बोलावलं की असं होतं," ते म्हणाले. कर्णा अजून चालूच होता.

मी ब्लाउजपीस सोफ्याच्या हातावर ठेवला, नीट घडी करून, आणि सायकल उचलली. परत धारपर्यंत सायकलनेच आले. आबा बसने आले. इंदूरची चाचणी माझ्याशिवाय झाली.

पुढच्या वर्षी पत्रिकेवर छापलं होतं: 'फक्त पुरुषांसाठी.' मंडळाला इतकं स्वच्छ मराठी मी पहिल्यांदाच लिहायला लावलं. त्या वर्षी आबांनी न विचारता पाना काढला आणि मडगार्ड सोडवले. मी बिननंबरची सायकल मारली. त्यानंतर सहा वर्षं मारली. दर वर्षी टेबलाशी उभी राहून माझा क्रमांक सांगत होते, दर वर्षी मास्तर वहीवर हात ठेवत होते.

आता मंडळाचा रौप्यमहोत्सव आहे. मला पत्र आलंय. 'परिसरातील आद्य महिला सायकलपटू' म्हणून माझा सत्कार करायचा आहे. शाल, श्रीफळ. आणि विजेत्यांचं औक्षण माझ्या शुभहस्ते. दिवस बदललेत, माझं आडनाव आता व्यासपीठावर उपयोगी पडतं. हा मजकूर म्हणजे त्या पत्राचं उत्तर.

मी येणार नाही. तबक ज्याला धरायचं त्याने धरावं, मी कोणाला ओवाळणार नाही. शाल नको. ती जुनी वही काढा आणि नववी ओळ परत लिहा. नाही काढलीत तरी चालेल, मी इथे लिहिते आहे: धार ते मांडू, खुली शर्यत, क्रमांक नऊ, म-३. पुढे माझं नाव, आडनावासकट, तुम्हाला पाठवलेल्या प्रतीवर सही करून दिलंय.

खोडायचं असेल तर या. जीप आणू नका.