चार दिवसांचं वर्ष

भाऊ गेल्याचा निरोप शेजाऱ्यांच्या फोनवर आला तेव्हा मी जळगावला गच्चीवर गव्हाला ऊन दाखवत होते. खाली आले, ऐकलं, आणि पुन्हा वर जाऊन गहू गोळा केला. रडू साक्रीच्या एसटीत आलं. या वयात रडण्याचाही शीण येतो.

भाऊ, माझा थोरला भाऊ, साक्रीला शाळेत विज्ञान शिकवायचा. पंचाण्णवच्या पावसाळ्यात वहिनी गेली. त्या पहिल्या दिवाळीला घरात सण नव्हता. दुःखाला येणाऱ्यांची रीघ तेवढी होती. जो तो उठताना म्हणायचा, "वरीस जाऊ दे भाऊ, मंग मन सावरी." भाऊ मान हलवायचा. मी चहा करून करून कंटाळले होते.

त्याच दिवसांत पेपरात एका ग्रहाची बातमी आली. आपल्या सूर्यासारख्याच एका दूरच्या ताऱ्याभोवती फिरणारा, पन्नासेक प्रकाशवर्षांवरचा. वजन गुरूच्या निम्मं तरी. ताऱ्याला इतका चिकटलेला, की उष्णता हजार अंशांच्या घरात, आणि एक फेरी सव्वाचार दिवसांत. भाऊने बातमी दोनदा वाचली.

"तठे चार दिनमा वरीस सरस, बाई," तो म्हणाला. "तठेच ऱ्हावाले जानं पडी."

मग कितीतरी दिवसांनी त्याची कळी खुलली. तिथे माणसं असती तर कशी राहिली असती, ते सांगत सुटला. दर चार दिवसांनी पोळा, बैल शिंगं रंगवून घेऊन वैतागलेले. पुरणाचं पातेलं घासून होत नाही तोच पुढची होळी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावरून उतरायच्या आत पुन्हा आखाजी, त्यामुळे सासरी कुणी जातच नाही. आणि गेलेल्या माणसाचं वर्षश्राद्ध पाचव्या दिवशी... भेटायला येणारे दारात पोचेपर्यंत दुःखाची मुदत संपलेली.

पुढच्या आखाजीला त्याने, गेलेल्या माणसासाठी भरतात तशी, वहिनीच्या नावाची घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. वैशाखातली नवी मातीची घागर ती, दुपारपर्यंत पाझरून उणी झाली. देवाधर्माचं फारसं न मानणारा हा माणूस दर थोड्या वेळाने उठून तांब्याने पाणी घालत होता. "त्या ग्रहावर थेंब टिकला नसता," एवढंच म्हणाला.

दोन-तीन वर्षांनी मी चेष्टेने विचारलं, "तिथे तुझी किती वर्षं झाली रे आता?"

"शेकडो व्हई ग्यात, बाई..." तो म्हणाला. "फरक काही पडना नही."

यंदाच्या आखाजीला त्याच्या मुलाने दोन घागरी भरल्या. शेजारची जिजी माझ्याजवळ टेकली, पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "वरीस जाऊ दे, बाई." भाऊचं उत्तर ओठांवर आलं होतं. मी नुसतं "हो" म्हटलं. वर्ष गेलं तरी मला भाऊ हवाच असणार आहे, हे त्या बिचारीला काय सांगायचं?

दुपारी सगळे जेवून लवंडले. भाऊच्या घागरीतलं पाणी बोटभर खाली गेलं होतं. मी गुडघ्यावर हात टेकून उठले आणि तांब्या घेतला.