वरच्या मजल्यावरची घड्याळं

भाषण ऐकून माणूस सुधारतो, यावर विश्वास असलेली एकच व्यक्ती जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत मिळून उरली आहे आणि ती माझ्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. दिवसभर ब्लाउज शिवते आणि बोलावणं आलं की शाळा, कॉलेज, ग्रामपंचायत, बचत गट, जिथे असेल तिथे एसटीने जाऊन तृतीयपंथी माणसं म्हणजे कोण हे लोकांना समजावून सांगते. सुरुवात स्वतःपासून. "मी जन्मले तेव्हा मुलगा झाला म्हणून घरच्यांनी पेढे वाटले. पेढे चांगले होते म्हणतात. फक्त मी मुलगी होते." इथे लोक हसतात, आणि लोक हसले की हिला वाटतं, समजलं! हसण्याचा आणि समजण्याचा काही संबंध नसतो हे इतक्या भाषणांनंतर मला कळून चुकलंय, पण तिला सांगायला जीभ रेटत नाही.

तिच्या तऱ्हा काय सांगाव्या! कार्यक्रम अकराचा असेल तर ही दहालाच हजर आणि खुर्च्या स्वतःच्या हाताने अर्धगोल मांडणार. समोरासमोर बसलं की माणसं मोकळेपणाने विचारतात, असा तिचा सिद्धांत. लोक येतात, खुर्च्या उचलतात आणि भिंतीपर्यंत मागे नेतात. भाषणाची तालीम मशीन चालवता चालवता चालते. भावनेचा भाग आला की पाय जोरात पडतो आणि माझ्या ब्लाउजची बाही वाकडी होते. तालमीला श्रोते म्हणून आमचे हे बसतात. ह्यांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, पण मान इतकी मनापासून हलवतात की तिच्या मते असा श्रोता खानदेशात दुसरा नाही. प्रश्नांसाठी ती शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवते. भुसावळला एकाने हात वर केला तेव्हा ती केवढी खुलली! "पंखा जरा वाढवा," तो म्हणाला.

आता घड्याळांचं. आमच्याकडे सत्काराची रीत ठरलेली आहे. पाहुणी बाई असली की हळदीकुंकू लावून खण-नारळ, पुरुष असला की टॉवेल-टोपी. हिच्या वेळी आयोजकांची गाळण उडते. स्टेजच्या मागे कुजबुज होते, कुणीतरी बाजारात पळतं आणि शेवटी हिच्या हातात भिंतीवरचं घड्याळ पडतं. अशी एकोणीस घड्याळं ती घरी घेऊन आली आणि माझ्या भिंतींना एकोणीस खिळे मारून बसली. प्रत्येकाची वेळ वेगळी. मी घरमालकीण म्हणून भांडायला गेले तर म्हणाली, "अक्का, टाळ्यांवरून काही कळत नाही. भाषण समजलं की नाही ते शेवटी हातात काय ठेवतात त्यावरून कळतं. ज्या दिवशी खण-नारळ मिळेल त्या दिवशी सगळे खिळे काढून भिंत रंगवून देईन." मी जिना उतरले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या गल्लीला बोलावून हिला मात्र मीच वर डब्यातून तिळगूळ पाठवला होता. लाज वाटते सांगायला, पण पाठवला होता.

मग गेल्या वर्षी तिच्या स्वतःच्या गावाचं, पारोळ्याकडचं, बोलावणं आलं. सोळा वर्षांनी. वडिलांनी घराबाहेर काढल्यापासून तिने गावाची वेससुद्धा पाहिली नव्हती. त्या भाषणाची तालीम तिने इतकी केली की आमचे हेसुद्धा कंटाळले. "माय येई का व अक्का?" एवढंच मला दहादा विचारलं आणि सोबतीला मलाच घेऊन गेली.

माय आली. शाळेच्या पटांगणात सगळ्यांत मागे, डोक्यावरून पदर ओढून उभी राहिली. बचत गटाच्या बायकांनी टेबलावर ताट आणून ठेवलं होतं. रुमालाखाली नारळ स्पष्ट दिसत होता. त्या दिवशी हिने पेढ्यांचा विनोद केला नाही. ती सरळ बोलली आणि फार चांगलं बोलली. सत्कार पुकारल्यावर गटाची अध्यक्ष ताट घेऊन उठलीसुद्धा. इतक्यात पुढच्या रांगेतून एक आबा म्हणाले, "थांब व बाई. घड्याय दी टाका, बठ्ठास्ले चालस." म्हणजे घड्याळ काय, सगळ्यांनाच चालतं. अध्यक्षबाईने मागे मायकडे पाहिलं. मायने नुसती मान हलवली असती तरी त्या बाईने कुंकू लावलं असतं, हे मी शपथेवर सांगते. माय जमिनीकडे बघत राहिली. ताट परत टेबलावर गेलं आणि पिशवीतून घड्याळ निघालं. त्यावर हिने स्वतः निवडलेलं नाव ठळक छापलेलं होतं, तेही एकही चूक न करता.

निघताना ती ते घड्याळ मायच्या बंद दाराशी, ओट्यावर ठेवून आली. "तिच्याकडे घड्याळ नाही," म्हणाली. परतीच्या एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली आणि मी तिचा हात धरायला हवा होता तो धरला नाही.

दोन महिन्यांनी पारोळ्याला लग्नाला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून त्या गावी गेले. ओसरीत माय एकटीच होती आणि समोर भिंतीवर ते घड्याळ चालू होतं. त्याच्या कपाळावर म्हणावं अशा जागी हळदीकुंकवाची दोन बोटं होती, ओली, त्याच सकाळची. खालचं नाव मात्र ब्लेडने खरवडून काढलेलं होतं. कुणी, ते मी विचारलं नाही. कुंकवाकडे मी बघतेय हे पाहून माय म्हणाली, "नवी वस्तूले लावनं पडस." दोन महिने झालेली वस्तू कसली नवी! मग कुणाचं नाव न घेता तिने अगदी हळू विचारलं, "येळवर जेवस ना?"

घरी येऊन मी वर गेले आणि घड्याळाचं, कुंकवाचं, मायने विचारलेलं, सांगितलं. मशीन थांबलं.

"रोज लावते?"

"रोज."

"आणि अक्का, नाव? माझं नाव दिसतं ना त्यावरचं?"

"दिसतं तर," मी म्हटलं. "दारातून आत शिरल्या शिरल्या दिसतं."

आता तिच्या भाषणाचा शेवट बदलला आहे. हल्ली ती हसवत नाही. "माझं नाव आज माझ्या आईच्या घरात भिंतीवर आहे," असं म्हणून थांबते. अजूनही तिला घड्याळच मिळतं, बाविसावं आलं परवा. मी प्रत्येक कार्यक्रमाला जाते, खुर्च्या मांडायला मदत करते, पहिल्या रांगेत बसते आणि त्या वाक्याला सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवते.