उगवतीला लावलेली पळी

चहा घ्या आधी. हे ऐकल्यावर माझ्या हातचं काही घ्याल की नाही, मला शंकाच आहे. शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून कुणाला सांगायचीसुद्धा लाज वाटायला लागलीय हो!

मैंदर्गीची माझी आत्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सोलापूरला आमच्याकडे आलीय. सोबत तिची पूजेची तांब्याची पळी, नागाच्या फण्याची, तिच्या आईची. त्या पळीनं देवाला पाणी घातल्याशिवाय आत्या चहासुद्धा तोंडाला लावत नाही. पळी मात्र झिजून पार पातळ झालेली. दुकानदार म्हणाला, नवी घ्या.

मी गप्प बसतोय होय? म्हटलं, घरीच तांबं चढवून देतो की!

टबात मोरचुदाचं पाणी केलं, इन्व्हर्टरची बॅटरी आणली. एका वायरला पळी, दुसरीला बायकोचं स्टीलचं उलथनं. वायरी बॅटरीला जोडताना मी ॲनोड-कॅथोड पुटपुटत होतो, तेवढ्यात आत्यानं विचारलं, ॲनोड-कॅथोड म्हंजे काय रं? झालं, माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटलं, शब्द ग्रीक आहेत. ॲनोड म्हणजे वर जाणारी वाट. नाव ठेवणाऱ्याच्या मनात सूर्य होता, म्हणून ती उगवतीची. कॅथोड खाली जाणारी, मावळतीची.

"मग माजी पळी मावळतीला लावू नगंस," आत्या म्हणाली. "देवाची हाय ती."

मुलामा द्यायची वस्तू कॅथोडला, हे मी दरवर्षी पोरांकडून घोकून घेतो. पण ग्रीक सांगायच्या नादात अक्कल कुठं गेली कोण जाणे! पळी लावली ॲनोडला. वर टबसुद्धा पूर्वेकडे फिरवला. आणि निवांत झोपलो.

उठून बघतो तर काय? वायरला नुसता फणा लोंबकळतोय. खालची पळी पाण्यात विरघळून गेली, आणि तिचं तांबं उलथन्यावर जाऊन बसलंय! मला रडूच कोसळलं. आत्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उपाशी. मी पाया पडलो, काही उपयोग नाही.

शेवटी तिनंच विचारलं, "आईची पळी ह्या उलथन्यात गेली न्हवं?"

मी मान हलवली. तिनं उलथनं धुतलं, कुंकू लावलं, त्यानंच देवावर पाणी शिंपडलं. मग कुठं चहा घेतला. आता रोज तेच चाललंय, आणि बायको थालीपीठ चमच्यानं उलटते.

काल ऑपरेशनची तारीख मिळाली. आत्यानं मला जवळ बोलावलं, हळूच म्हणाली,

"डोळ्याचं डाक्टरच करणार हाय न्हवं? तू न्हाय की?"