जहाजावरची तालीम आणि घरटी मोजणी

इंदापूरहून सुटलेली आमची बस शेळगावची माणसं घेऊन बारामतीला, माझ्या गावात, आली तेव्हा उजाडत होतं. मुंबईहून क्रूझवर, म्हणजे चैनीच्या प्रवासी जहाजावर जायचं, म्हणून सगळ्यांनी नवे कपडे घातले होते. मी जुनीच सुती साडी नेसले होते. नटायचं कुणासाठी? आमचे हे जाऊन वर्ष झालं होतं. परदेशातल्या मुलानं फोनवरून सगळं ठरवून मला या सहलीत बसवून दिलं. "आई, माणसांत मिसळशील," म्हणाला. स्वतः कधी फिरकत नाही, पण सल्ल्यांत मागं नाही.

माळेगावला तात्या चढले. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, सहलीची सगळी सूत्रं त्यांच्याकडे. दारात उभं राहून त्यांनी आरोळी ठोकली, "चला, घरटी बोला!" घरटी, म्हणजे दर घरामागं एकानं. आमच्याकडे आवतण असो की वर्गणी, माणसं उंबऱ्यानं मोजतात. घरातल्या कर्त्यानं "आली" म्हटलं की सगळं घर आलं.

"आमची समदी आली," शेळगावकर म्हणाले.

"आमची बी," इंदापूरचे डाळिंबांचे व्यापारी रहीमभाई म्हणाले. त्यांच्या शेजारी नूरजहाँभाभी मांडीवर डबा धरून बसल्या होत्या.

माझी पाळी आली. "माझी आली," मी म्हणाले, आणि दोघं-तिघं हसले. शाळेत जन्मभर पोरांची हजेरी घेतली, पण स्वतःची देताना इतकं ओशाळल्यासारखं कधी झालं नव्हतं.

जहाज दिसलं आणि तात्यासुद्धा मान वर करून बघू लागले. आमच्या कारखान्याची चिमणी शेजारी उभी केली असती तर बापडी वाटली असती. आत गालिचे, लिफ्ट, जेवणाचे इतके प्रकार की रहीमभाईंनी शेवटी दहीभातच घेतला. बाकीच्यांच्या केबिन एका बोळात सलग होत्या. माझी एकटीची वरच्या मजल्यावर.

केबिनमधला टीव्ही आपोआप सुरू झाला. सुरक्षेची तालीम आता पडद्यावरच होते. एक हसरी मुलगी सांगत होती, सात आखूड आणि एक लांब भोंगा झाला की संकट समजायचं, जॅकेट घालायचं आणि ठरलेल्या जागी जमायचं. मी कपाटातलं नारिंगी जॅकेट काढून आरशासमोर घातलं. पट्टा पिळला होता की सरळ होता, ते कळेना. माझी कडी अजून अडकायची होती, तेवढ्यात त्या मुलीनं "शाब्बास" म्हणून टाकलं. मग जमायच्या जागी जाऊन कार्ड दाखवायचं होतं. तिथल्या तरुणानं ते यंत्राला लावलं, यंत्र किणकिणलं, आणि तो यंत्राकडेच बघत म्हणाला, "धन्यवाद, मॅडम." झाली माझी तालीम.

जेवताना तात्यांचं डोकं फिरलेलं होतं. "फोनवर बघून कोन पवायला शिकलंय का? आमाला बापानं पाठीला वाळका भोपळा बांधून हिरीत ढकललं. पर काठावर स्वतः हुबा हुता!"

रहीमभाई पूर्वी एकदा अशा जहाजावर गेले होते. तेव्हा सगळ्यांना डेकवर एकत्र उभं करून शिकवायचे. "उनात डोकं तापलं, पोरं रडाय लागली. पर बाजूच्या खोलीत कोन हाय, त्ये कळलं."

वाढणाऱ्या कर्मचाऱ्यानं नम्रपणे समजावलं की नव्या पद्धतीत गर्दी होत नाही, प्रत्येकाला आपल्या सोयीनं, हवं तितक्यांदा बघता येतं. ते खोटं नव्हतं. भाभींना कमी ऐकू येतं, त्यांनी तो भाग आवाज मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला होता. मी शिक्षिका म्हणून पद्धतीला गुणही दिले असते. पण तात्या ऐकतात कुणाचं? संध्याकाळी आपली आपण तालीम करायची, असा हुकूम सुटला.

"बाई, तुमी वर हाय. तुमाला घ्याया येतो," ते मला म्हणाले.

मी जॅकेट घालून पलंगाच्या कडेवर बसले. बाहेर पावलं वाजली की उठायची. कुणी आलं नाही. शेवटी मीच जिन्यानं खाली गेले. काचेच्या दारापलीकडे डेकवर सगळे नारिंगी होऊन रांगेत उभे. तात्या ओरडले, "घरटी बोला!" एकेका घरानं उत्तर दिलं, आणि तात्यांनी मोठ्यांदा जाहीर केलं, "समदी आली!" टाळ्या पडल्या. तेवढ्यात त्या सगळ्यांना जॅकेटात पाहून खुर्च्यांवर पहुडलेले परके प्रवासी घाबरून उठले, एक बाई किंचाळत आपल्या नवऱ्याला शोधू लागली, कर्मचारी धावत आले. नंतर सगळे पोट धरून हसले.

मी दाराआडच होते. मला हसू आलं नाही. राग आला, आणि रागाखाली भीती होती. जहाज खरंच बुडायला लागलं असतं, तर तात्यांनी इतक्याच खात्रीनं "समदी आली" म्हटलं असतं. मी तशीच वर गेले.

पुढं समुद्र सुंदर होता, हेही लिहायला हवं. एका सकाळी पाणी अगदी शांत होतं आणि दूर दोन-तीन डॉल्फिन उसळले. "अहो, ते बघा," असं तोंडातून निघून गेलं, आणि मी कठड्यावरचा हात काढून घेतला. त्यानंतर जेवायलाही मी वेगळ्या टेबलावर बसू लागले. भाभींनी लांबून एकदा हात केला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

परतीला नीरेच्या अलीकडं बस चहाला थांबली. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता तुंबला होता. मी रसाच्या गुऱ्हाळामागं जाऊन उभी राहिले. तात्यांची आरोळी ऐकू आली, "घरटी बोला!" घरं बोलली. मी बोलले नाही, मुद्दाम. म्हटलं, बघू या. बस हलली, ट्रॉल्यांच्या मागं लागली आणि वळणावर दिसेनाशी झाली. हाक मारता आली असती, फोनही हातातच होता. पण मी जागची हलले नाही. मी एस्टीनं घरी आले. रात्री अनोळखी नंबरावरून फोन वाजत राहिला, तो मी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी दारात नूरजहाँभाभी. एकट्या, हातात माझी बॅग, चेहरा उन्हानं लाल झालेला.

"बाई! बऱ्या हाय न्हवं? आमाला वाटलं, तुमी बारामतीत उतरला. इंदापुरात बॅग घावली तवा धस्स झालं. तात्याकडनं नंबर-पत्ता घेऊन फोन लावला, तर तुमी उचलंना. म्हनलं, आता जायाच पायजे."

"बॅग दिसली म्हणून आठवण झाली," मी म्हणाले.

त्यांनी बॅग खाली ठेवली. "मग वरडायचं हुतं की."

"कुणी विचारतंय का, ते बघत होते." आणि मग माझा बांधच फुटला. "भाभी, मी घरात पडले तर कुणाला कळणार नाही हो. मला फार भीती वाटते."

त्यांनी आपल्या पदरानं माझे डोळे पुसले. "रोज सकाळी मी फोन करती. तुमी उचलायचा. न्हाय उचलला, तर पहिल्या एष्टीनं मी हितं हजर."

तेव्हापासून रोज फोन येतो. "हाय का, बाई?" "आहे." संपलं बोलणं. त्यांना दुकान असतं, नातवंडं असतात, मीही लांबवत नाही. दिवस त्या एका शब्दावर निघतो.

परवा फोन वाजला तेव्हा मी ओट्यापाशीच होते. खोडसाळपणा आहे, मलाही कळतं. वाजू दिला. थांबला, पुन्हा वाजला, तोही वाजू दिला. मग दाराची कडी काढली आणि दोघींपुरते तांदूळ निवडायला बसले.