डाव्या स्पीकरचं कव्हर

बुकशेल्फ स्पीकर या नावाचा मला पहिल्यापासून राग आहे. ज्याने हे नाव ठेवलं त्याला एकदा यवतमाळला बोलवावं आणि आमचं पुस्तकांचं कपाट दाखवावं. त्यात पुस्तकं आहेत, नवऱ्याच्या बीपीच्या गोळ्या आहेत, दोन छत्र्या आहेत आणि लग्नात आहेर आलेलं, अजून खोक्यातून न काढलेलं भिंतीवरचं घड्याळ आहे. स्पीकर ठेवू कुठे, डोक्यावर? बरं, सोबत आलेल्या माहितीपुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलेलं, की शक्यतो शेल्फवर ठेवू नका, स्टँडवर ठेवा. मग असं नाव ठेवलं कायले बाप्पा!

पण घेतले. किंमत विचारू नका. घरात अजून कुणी ती विचारली की मला एकदम गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं.

झालं असं, की नागपूरला एका साखरपुड्याला गेलतो. नवऱ्याला पंखा घ्यायचा होता, दुकान चुकलं आणि आम्ही भलत्याच दुकानात शिरलो. तिथल्या माणसाने आम्हाला थंडगार खोलीत नेऊन खुर्चीवर बसवलं. समोर दोन लाकडी खोकी, धान्याच्या मधल्या डब्याएवढी. त्याने काहीतरी लावलं आणि एक बाई गाऊ लागली. भाषा मला ओ की ठो कळली नाही. पण ओळ सुरू करायच्या आधी तिने ओठ ओले केले, ते मला ऐकू आलं. तिच्या मागे डाव्या कोपऱ्यात दोन बायका तिला साथ देत होत्या, एक जाड्या आवाजाची, एक नाजूक. मी चक्क मान वळवून त्या कोपऱ्यात बघितलं. तिथे दुकानदाराची पाण्याची बाटली ठेवलेली होती.

त्याच क्षणी मला आईची कॅसेट आठवली आणि पंख्याचं राहूनच गेलं.

माझे आईबाबा फुलसावंगीला राहतात. तिथे आमच्या वस्तीत एक गायन पार्टी होती. जयंतीला, विहारातल्या कार्यक्रमाला, कुणाच्या लग्नात ती गावोगाव जायची आणि बाबा तिच्यात ढोलकी वाजवायचे. माझ्या जन्माच्या आधी या पार्टीने एक कॅसेट काढली. एका खोलीत दोन माईक. एकासमोर गायक, पेटी आणि बाबांची ढोलकी, दुसऱ्यासमोर कोरसच्या बायका. ऐनवेळी त्यातली एक बाई तापाने फणफणली, म्हणून आईला मागच्या बाजूला उभं केलं. आई तेव्हा नवी नवरी होती, माईक कधी जवळून पाहिलेला नव्हता.

तेव्हापासून आमच्या घरात एक वाद चालू आहे. आई म्हणते, मी गायली. बाबा म्हणतात, "कुठं गायली वं? नुसते ओठ हालवत होती. मी समोरच बसलो होतो ना!" हे ते प्रत्येकाला सांगतात. माझ्या नवऱ्याला तर मला बघायला आला तेव्हाच, पोह्यांची बशी हातात द्यायच्या आधी सांगितलं. सगळे हसतात, आईही हसते. पण हसून झालं की ती थोडा वेळ गप्प होते, आणि आई गप्प होणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. ती समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. फोन केला तर माझं "हॅलो" अर्ध्यात असतानाच "जेवली का" विचारून मोकळी होते.

ती कॅसेट आम्ही टेपवर ऐकली, गाडीत ऐकली, मी मागे ती पेन ड्राईव्हवर करून आणली तेव्हा मोबाईलवर ऐकली. गायकाचा आवाज येतो, ढोलकी येते, आणि कोरस म्हणजे नुसता एक गोंधळ. त्यातून एक बाई वेगळी काढणं म्हणजे वरणातून एक डाळ शोधणं. आई मोबाईल कानाला लावायची आणि म्हणायची, "अठीच कुठंतरी आहो मी."

तर स्पीकर घरी आले. आमचं घर यवतमाळच्या लोहारा भागाकडे आहे, कारखान्यांचे ट्रक समोरून जातात, हे आधीच सांगून ठेवते. स्पीकर लावायला नवऱ्याने मला न विचारता आपल्या भावाला दारव्ह्याहून बोलावलं. माझ्या या दिराची साउंड सर्विस आहे. त्याचे बॉक्स कपाटाएवढे, वरातीत ते लागले की पोटातलं जेवण हलतं. त्याने माझे स्पीकर हातात घेऊन उलटेपालटे पाहिले.

"वहिनी, हे तं सँपल दिसून राह्यले. खरे कधी येतील?"

मी चहा ठेवायला आत गेले तेवढ्यात त्याने दोन्ही स्पीकर दारात नेले आणि रस्त्याकडे तोंड करून ठेवले. आमच्याकडची रीतच आहे ती. घरात कार्य असो की नवीन टेप आणलेला असो, स्पीकरचं तोंड गल्लीकडे. माझा पारा चढला.

"भाऊजी, हे आत ठेवायचे आहेत. माझ्याकडे तोंड करून."

"एकट्या तुमच्याकडे?" त्याला खरंच समजेना. "गाणं लावलं अन् गल्लीले ऐकू नाही गेलं तं मंग लावलं कायले?"

मी मीटरपट्टी काढली. माहितीपुस्तकात म्हटलं होतं, दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. आयुष्यभर शाळेत पोरींना समभुज त्रिकोण शिकवला, त्यात स्वतः जाऊन बसायची वेळ पहिल्यांदाच आली. बसले आणि लावलं. सुरुवातीला वाटलं, फसलो. धमक नाही, दणका नाही. मग हळूहळू भिंतच गेली. जिथे कॅलेंडर आहे तिथे गाणारा उभा, त्याच्या जरा उजवीकडे पेटीवाला, आणि पेटीचा भाता ओढताना होणारी खसखससुद्धा येते. मी आणि नवरा एकमेकांकडे बघून येड्यासारखे हसायला लागलो. तोटाही सांगते. माझी कॉलेजातली आवडती गाणी लावली तर त्यांची पार लाज निघाली, इतकी खरखर आणि इतका फाटका आवाज. हे स्पीकर कुणाचं काही झाकत नाहीत.

दीर बराच वेळ खुर्चीत बसून होता. शेवटी म्हणाला, "वहिनी, छातीत काहीच होऊन नाही राह्यलं. पण पेटीवाला कुठं बसला ते दिसून राह्यलं, मानलं बुवा." त्याच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

आईची कॅसेट मात्र मी लावली नाही. ती आई समोर असतानाच लावायची, हे दुकानातच ठरवलं होतं.

पुढच्या आठवड्यात आईबाबा आले. आईने चप्पल काढता काढता स्पीकर पाहिले.

"आई, हे ते—"

"एवढं महागाचं अन् उघडं ठेवलं?"

झालं. तिने विती लावून मापं घेतली आणि दुपारभर माझ्या मशीनवर बसून सोफ्याच्या उरलेल्या जाड कापडाची दोन कव्हरं शिवली. खाली इलॅस्टिक, वर झालर, आणि समोरूनही बंद, कारण जाळीत धूळ जाते. आमच्याकडे नवी वस्तू कव्हराशिवाय ठेवणं म्हणजे पाहुण्याला उभं ठेवण्यासारखं. फ्रीज, मिक्सर, टीव्ही, कपड्याची मशीन, सगळ्यांच्या अंगावर तिच्या हातचं आहे. शेवटचा दोरा दाताने तोडून तिने विचारलं, "शोभते ना?"

दोन नवऱ्या डोक्यावरून पदर घेऊन बसल्यासारखे ते स्पीकर दिसत होते. मला माहितीपुस्तक तोंडपाठ होतं. पण आईच्या तोंडाकडे बघून मी म्हटलं, "शोभते तं!" कंपनीची जाळीही कापडीच असते, त्यातून आवाज येतोच की, असं मीच मला समजावलं.

संध्याकाळी पेन ड्राईव्हवरून कॅसेट लावली. आईला मी त्रिकोणातल्या खुर्चीवर बसवलं. ती पाय वर घेऊन, पदर सावरून, फोटो काढायला बसावं तशी बसली. गायक आला, ढोलकी आली. कोरस आला, आणि तोच गोंधळ. पुन्हा लावलं. आवाज वाढवून लावलं. गोंधळ मोठा झाला, एवढंच.

बाबांनी मांडीवर थाप मारली. "पाह्य! आता तं मशीननंही सांगतलं!"

सगळे हसले. आई हसली आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. ती मेथी निवडत होती, मी आत आल्याचं कळलं तरी वर पाहिलं नाही.

"खरं सांगू का तुले?" ती म्हणाली. "मलेच आठवत नाही. गळा सुकून गेलता. तोंड उघडलं होतं, एवढं आठवते. आवाज निघाला का नाही, देव जाणे. मनून तं ऐकायचं होतं एकदा."

इतकी वर्षं मला वाटायचं, आईला खात्री आहे आणि बाबा उगाच खोडी काढतात. तिला तर बाबांचं खरं असेल हीच भीती होती.

सकाळी बाबांनी घोळ केला. कव्हर घातलेली वस्तू म्हणजे त्यांना स्टूलच वाटतं. त्यांनी डाव्या स्पीकरवर चहाचा कप ठेवला, पेपर उलटवताना त्यांचा कोपर लागला आणि कप आडवा. आई ओरडली, "जेथं नाई तेथं कप! घरी तसंच, अठीही तसंच!" आणि तिने ओलं कव्हर खसकन ओढून काढलं आणि ते धुवायला मोरीकडे निघाली. माझा तर जीवच गेला. स्पीकर पुसला, आत चहा गेला का पाहिलं, आणि चालतो की नाही बघायला जे काल लावलेलं होतं तेच सुरू केलं.

गायकाने ओळ म्हटली. आणि डावीकडून कोरस आला. गोंधळ नाही, बायका आल्या! एक जाड्या आवाजाची, एक नाकातून गाणारी, आणि त्यांच्या मागे, जरा लांब, एक बारीक, कोवळा आवाज. तो सगळ्यांच्या आधी आला होता. गायकाची ओळ अजून संपलीही नव्हती, तेवढ्यात तो मध्ये घुसला होता. मी हातातलं फडकं खाली ठेवलं. हे असं वाक्य पुरं होऊ न देणं मी जन्मापासून ओळखते.

मोरीच्या दारात आई उभी होती. हातातल्या कव्हरातून पाणी गळत होतं.

"मी आहो ती," ती म्हणाली.

मी पुन्हा लावलं. नवरा तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला. आई कव्हरासकट पुढे आली, स्पीकरसमोर वाकली आणि ऐकत राहिली. डोळ्यांतून पाणी, आणि तोंडभर हसू. मलाही हुंदका आला, लपवत नाही. मग तिने एकाएकी मान वर केली.

"थांब. ढोलकी ऐक."

मी परत लावलं. उजव्या, अजून झाकलेल्या स्पीकरमधून ढोलकी एका चालीत छान चालली होती. आईचा आवाज आधी घुसला, त्याच वेळी ढोलकीने एक थाप गिळली, धावली आणि आईला येऊन मिळाली. बाकीच्या बायका मग ढोलकीमागे आल्या. पुढच्या कडव्याला तर ढोलकी आधीच तयार होती, आई घुसली तेव्हा तिच्या सोबतच.

आई बाबांकडे वळली. "मी नुसते ओठ हालवत होती ना? मंग तुमची ढोलकी कोणासाठी धावली?"

बाबा पायजम्यावरचा चहा पुसत होते, तो केव्हाच पुसून झाला होता.

"बोला ना!"

"अवं, तू एकटीच पुढं निघून गेलती," ते खाली बघत म्हणाले. "सारे मांगं. तुले एकटी कशी सोडू?"

"मंग गायली नाही, गायली नाही, हे कायले लावलं होतं इतके वर्स?"

"पेटीवाला भडकला ना तेव्हा. मनला, कोण घाई केली? मी मनलं, माहा हात घसरला, बायको तं गायलीच नाही. नवी नवरी तू, सारी पार्टी नावं ठेवली असती." त्यांनी नाक चोळलं. "एकदा मनलं, मंग तेच चालू राह्यलं. लोकंही हासत होते."

आईने त्यांच्याकडे इतका वेळ पाहिलं, की मला वाटलं आता काही खरं नाही. मग ती त्यांच्या शेजारी सोफ्यावर बसली आणि मला म्हणाली, "लाव वं पुन्हा." दुपारच्या जेवणापर्यंत आमच्या घरात दुसरं काही वाजलं नाही. बाबा मांडीवर ठेका धरून होते, आणि ती जागा आली की दर वेळी आईकडे बघत होते.

दुपारी कव्हर वाळलं. आईने ते घडी करून माझ्या हातात दिलं. "हा राहू दे उघडा," ती म्हणाली. मग उजव्याचंही काढून टाकू का, असं मी विचारणारच होते.

"तुह्या बाबाचं नको काढू," ती आधीच म्हणाली. "राहू दे आणखी थोडे दिवस झाकलेलं."